डाव्या हाताचा मळ

८ जानेवारी

सरांचं फर्मान निघालंय: यंदा प्रत्येकीने लिहायचं. "खेळ कळत नाही अशा माणसाला सांगतोय असं समजून लिहा, म्हणजे स्वतःलाही कळेल." मी म्हटलं, सर, चार अजिंक्यपदं न लिहिता मिळाली. तर म्हणाले, "पाचवं लिहून मिळव." सरांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान शिट्टी तरी वाजवत नाही.

तर, खेळ न कळणाऱ्या माणसा, ऐक. मी सॉफ्टबॉलची पिचर. म्हणजे हात खांद्यापासून गोल फिरवून खालून चेंडू फेकणारी. समोर बॅट घेऊन विरुद्ध टीमची बॅटर. तिच्यामागे, तोंडावर जाळी आणि डाव्या हातात जाड ग्लोव्ह घालून उकिडवी बसलेली आमची कॅचर. बॅटरला चुकवून गेलेला प्रत्येक चेंडू तिने धरायचा. नावात 'सॉफ्ट' असलं तरी चेंडू मऊ नसतो. एकदा लागला की कळतं.

ही कॅचर म्हणजे माझी वहिनी. आधी कॅचर होती, वहिनी नंतर झाली. दादा एकदा मी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला मैदानावर आला आणि तासभर तिथेच उभा राहिला, बाटली हातात घेऊन. मी तहानलेली ती तहानलेलीच. आता अख्खी टीम तिला वहिनी म्हणते, आणि ती मला मैदानावर मुद्दाम जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणते. "वन्सं, जरा खालून येऊ द्या." पाहुण्या टीमला वाटतं, ही काही गुप्त खूण आहे.

१० जानेवारी

खांदा अजून गंजलेल्या बिजागरासारखा. पण सराव संपता संपता हात सुटला. माझा एक चेंडू आहे, बॅटरजवळ पोचताना वर उचलला जातो. आम्ही त्याला 'चढती' म्हणतो. तो ग्लोव्हच्या तळव्यात बसला की आवाज होतो, रिकाम्या घरात दार आपटल्यासारखा. पलीकडे बसलेल्या बॅटर्स त्या आवाजानेच अर्ध्या बाद होतात. मला तर तो ऐकला की जेवल्यासारखं वाटतं.

आज मात्र तसा नीट आला नाही. पहिलाच आठवडा आहे.

१७ जानेवारी

सकाळी वहिनीने गॅसवरचं दुधाचं पातेलं फडकं न घेता डाव्या हाताने सरळ उतरवलं. आई ओरडली, "अगं, हात!" वहिनी हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गरम होतं का?"

मी मैदानावर सगळ्यांना सांगितलं: आमच्या वहिनीचा हात लोखंडाचा आहे, चटकाही घाबरतो. खूप हसल्या पोरी. वहिनीही हसली, जरा उशिराने.

२५ जानेवारी

नवी पिचर आली आहे. एकोणीस वर्षांची, काडीसारखी. हिला आम्ही चिमणी म्हणतो. वेग नाही, पण चेंडू कुठे टाकायचा ते कळतं. मला ती आवडायला हरकत नव्हती. पण आज वहिनी आपण होऊन सरांना म्हणाली, "मी चिमणीला सराव देते. वन्संना बुटकी धरेल." बुटकी म्हणजे आमची राखीव कॅचर. मन लावून खेळते, पण माझा चेंडू येताना डोळे मिटते.

घरी येताना विचारलं, "मला का टाळतेस?"

"टाळते कुठे? नव्या पोरीला शिकवायला नको?"

बरोबर आहे. शिकवायलाच हवं. मार्चमध्ये मला बत्तीसावं लागेल. सगळ्यांनीच हिशेब केलेला दिसतोय, मीच तेवढी मागे राहिले.

३ फेब्रुवारी

ऑफिसात आज एक आजोबा विजेच्या मीटरची तक्रार घेऊन आले. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "पेपरात 'तोफ' म्हणतात ती तूच ना?" मी म्हटलं, हो. "मग चल घरी आणि त्या मीटरवर एक चेंडू टाक." दिवसभरात तेवढंच हसले.

९ फेब्रुवारी

लीगची मॅच जिंकलो. पण आवाज येत नाही.

हे कुणाला सांगू? वहिनी चेंडू धरते, पडत नाही, तरी येतो तो नुसता 'थप्प'. ओल्या कपड्यासारखा. आधी वाटलं ग्लोव्ह जुना झाला. मग नीट पाहिलं. ती हात लांब करून ग्लोव्हच्या टोकाशी, बोटांच्या पुढे चेंडू झेलते. पूर्वी सरळ तळव्यात घ्यायची. मी म्हटलं, अशी का धरतेस? म्हणाली, "सवय, दुसरं काय."

सरांकडे गेले. सर, माझा वेग गेलाय का? त्यांनी यंत्रावर मोजला होता. "तसूभर कमी नाही." सर दयाळू माणूस आहेत. मी नाही विश्वास ठेवला. कॅचरला जोर जाणवला तर ती तळव्यात घेईल ना? टोकाने झेलण्याइतका माझा चेंडू हलका झालाय, हे सरळ आहे.

१६ फेब्रुवारी

रोज सरावानंतर जास्तीचे चेंडू टाकतेय, अंगातला सगळा जोर लावून. वहिनीलाच बसवते. चिमणी गेली घरी, बुटकी गेली.

"बास आता वन्सं."

"अजून थोडे."

"अंधारून येईल."

"मग लवकर धर."

तिने धरले. एकही सोडला नाही. पण आवाज आला नाही तो नाहीच. मी जितका जोर लावते तितका तिचा हात पुढे पुढे जातो.

एके काळी हीच कॉलर ताठ करून सांगायची, "हिचा चेंडू म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" आता सराव संपला की ग्लोव्ह काढून हात काखेत धरून बसते. मी विचारलं तर म्हणते, थंडी. एकाच हाताला कशी वाजते थंडी?

२० फेब्रुवारी

छोटीची वेणी हल्ली आई घालते. छोटी म्हणजे दादा-वहिनीची मुलगी, आठ वर्षांची. आज रुसून बसली होती: "मम्मीने घातलेली घट्ट बसते, आजीची सुटते." वहिनी म्हणाली, "माझ्याकडून सैल होते गं आता." मुलीच्या केसांनाही वेळ नाही हिला. शाळेच्या शर्टाची बटणंसुद्धा दादा लावून देतो.

२६ फेब्रुवारी

भिंती पातळ असण्याचे तोटे. दादा म्हणत होता, "सांगून टाक तिला." वहिनी म्हणाली, "फायनल होऊ दे." दादा: "तोवर उशीर होईल." वहिनी: "तिचा हात आखडला तर सगळंच संपेल. एक शब्द बोलू नका."

कळलं. वेगळं घर बघताहेत. बघा ना! दादा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर वर-खाली करतो, त्याला कामाजवळ घर हवं असेल. मी काय अडवणार आहे? पण माझा हात आखडेल म्हणून लपवायचं? मी काय काचेची आहे?

दिवसभर दोघांशी बोलले नाही. वहिनीने डब्यात माझ्या आवडीची भाजी दिली होती. खाल्ली.

५ मार्च

उपउपांत्य फेरी. जिंकलो, पण कसं ते माझं मला माहीत. शेवटची बॅटर, तिसऱ्या बेसवर, धावेपासून एकच टप्पा दूर, त्यांची धावणारी टपून बसलेली. मी चढती टाकली. बॅटर चुकली. आणि चेंडू वहिनीच्या ग्लोव्हला लागून बाहेर आला! ती चेंडूवर झेपावली, उजव्या हाताने उचलला, धावणाऱ्या पोरीला होम प्लेटवर, म्हणजे घराच्या उंबऱ्यावर, बाद केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तो हात आहे की फळी?"

वहिनी म्हणाली, "चुकलं." एवढंच. तिने उलट दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

९ मार्च

सरांना सांगून आले: उपांत्य सामन्याला बुटकीला बसवा. वहिनीचं मन खेळात राहिलेलं नाही.

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तिच्याशी बोललीस?"

"घरी रोज बोलते."

"ते बोलणं नव्हे."

मी म्हटलं, सर, मला जोराने टाकायचंय आणि तिला ते झेपत नाही, किंवा झेलायचं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी नुकसान माझंच. ते म्हणाले, तिला विचारून ठरवतो.

१४ मार्च

आवाज आला!

उपांत्य सामना, आणि पहिल्या चेंडूपासून! वहिनीच बसली होती. सरांना म्हणे तिने ठणकावून सांगितलं, मी आहे तोवर बुटकी नाही. माझा पहिला चेंडू, आणि दार आपटलं. दुसरा, पुन्हा तसाच. सातच्या सात इनिंग्ज, प्रत्येक चढती तिच्या तळव्यात. त्यांच्या पोरी बॅट उचलण्याआधीच पांढऱ्या पडत होत्या. एकही धाव दिली नाही. मी संपलेले नाही. संपलेले नाही! हात असा सुटला होता की थांबूच नये वाटत होतं.

मॅच संपल्यावर सगळ्या माझ्या अंगावर पडल्या. वहिनी नव्हती त्यात. कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. ग्लोव्ह अजून हातातच. मी मागून मिठी मारली, म्हटलं, बघितलंस, परत आला माझा वेग. ती म्हणाली, "कुठे गेला होता?"

दादा गाडी घेऊन लवकर आला आणि तिला घेऊन गेला. मी टीमबरोबर जेवले.

१५ मार्च

लिहायला हवं म्हणून लिहिते.

तिच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळं पडलंय. काल रात्रीच दवाखान्यात ठेवलं. मी घरी गाणी म्हणत आले तेव्हा घरात आई एकटी, स्वयंपाकघरात उभी.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. वर्षानुवर्षं एकाच जागी मार बसत गेला. बोटाला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या बंद पडत गेल्या. आधी बोट गार पडतं, मग पांढरं, मग त्याला काही कळेनासं होतं. गरम, गार, बटण, केस, काहीच नाही. "त्यांना नोव्हेंबरातच सांगितलं होतं, झेलणं बंद करा. इतके महिने त्या टोकाने झेलून हात वाचवत होत्या. काल काय झालं?"

मी म्हटलं, काल आम्ही जिंकलो.

दादाला विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तिने सगळ्यांना शपथ घातली होती." आईला माहीत होतं. छोटीलासुद्धा. आठ वर्षांच्या पोरीने पोटात ठेवलं. सर म्हणाले, त्यांना नुसता संशय होता. मी बुटकीला मागितलं हे त्यांनी वहिनीला सांगितलं, ती आधी फक्त 'बरं' म्हणाली, ठणकावलं ते नंतर.

चेंडू कोण टाकत होतं ते कुणीच काढलं नाही. सगळे माझ्याशी फार चांगलं वागताहेत.

१८ मार्च

दोन पेरं काढली. बाकीचा हात वाचला.

मी आत गेले तर ती म्हणाली, "बावीस तारखेला बुटकीला बाहेरच्या बाजूला टाकू नकोस, तिचा ग्लोव्ह तिकडे उशिरा जातो." मला रडू आलं. ती म्हणाली, "रडायचं तर बाहेर जाऊन रड. इथे मला झोप लागतेय."

२२ मार्च

फायनल हरलो. एक-शून्य.

बुटकी छान खेळली. डोळे एकदाही मिटले नाहीत, एकही चेंडू सुटला नाही. मी माझ्या परीने सगळा जोर लावला. हात जरा जड होता, दवाखान्यातली जागरणं, दुसरं काय. सरांनी पाचव्या इनिंगला येऊन विचारलं, "खांदा?" मी म्हटलं, थोडा. सहाव्या इनिंगला त्यांच्या एका पोरीने चढती टोलवली. आजवर ती कुणी अशी टोलवली नव्हती. चेंडू कुंपणापलीकडे गेला. नशीब एकेकाचं.

वहिनी बाकावर होती, हाताला हे एवढं मोठं बँडेज. मी बाजूला जाऊन बसले तर ती उठून दुसऱ्या टोकाला गेली. दुखत असेल.

२३ मार्च

दुखत नव्हतं.

सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. म्हटलं, वहिनी, माफ कर मला. तुझा हात माझ्यामुळे गेला. तिने कप घेतला, खाली ठेवला.

"काल काय टाकत होतीस?"

"म्हणजे?"

"मी विचारतेय, काल काय टाकत होतीस? चेंडू की फुलं?"

मी म्हटलं, पूर्ण जोर लावला होता.

"मला सांगतेस? मला? तुझ्या हाताचा जोर तुझ्या आईला माहीत नसेल इतका मला माहीत आहे. बुटकीने डोळे का नाही मिटले, विचार ना स्वतःला. तू तिचा हात जपत होतीस."

"तुझं बोट बघून मी कशी..."

"बघून? अगं, म्हणूनच सांगितलं नव्हतं! तुला कळलं की तू हात आखडणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तेच केलंस." तिचा आवाज चढला, आई दाराशी आली आणि परत गेली. "सगळे येऊन सांगतात, नणंदेसाठी हात दिला बाईने. नणंदेसाठी! मी काय तुझी मोलकरीण आहे? मी कॅचर आहे. मला हवं होतं पाचवं. मला. मी माझ्यासाठी बसले होते तिथे. मी एक बोट देऊन तुम्हाला फायनलला नेलं, आणि तू ते फुकट घालवलंस."

चहावर साय धरली.

मी निघाले तेव्हा म्हणाली, "आणि माफी कसली मागतेस? फळी म्हणालीस त्याची मागायची तर माग."

मी मागितली. तिने मान हलवली. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

१९ एप्रिल

ऑफिस. घर. ग्लोव्ह, बूट, सगळं पलंगाखाली. सरांचे तीन निरोप आले. चिमणीने येऊन विचारलं, ताई, चढती शिकवाल? मी म्हटलं, नंतर.

सगळ्यांना सांगितलंय की खांदा दुखतो. इतक्यांदा सांगितलं की आता खरंच दुखतो.

वहिनी उजव्या हाताने सगळं करते आणि डाव्याला शिकवते. छोटी तिच्यापुढे पाठ करून बसते, ती वेणी घालते, वेणी सुटते, पुन्हा घालते. काल अर्धा तास चालू होतं. छोटीची मान अवघडली, पण बोलली नाही पोर.

आमचं बोलणं कामापुरतं. मीठ दे, दार लाव.

७ जून

पहाटे दाराला लाथ. माझ्याच दाराला.

"ऊठ. बूट घाल."

वहिनी. हातात दादाच्या कामावरची मोठी नायलॉनची जाळी, गुंडाळलेली. मी म्हटलं, खांदा दुखतो. ती म्हणाली, "माहीत आहे किती दुखतो. ऊठ."

मैदानावर कुणी नव्हतं. गवत ओलं. तिने होम प्लेटच्या मागे दोन खांबांना जाळी बांधायला घेतली. मी पुढे झाले तर हात झटकला. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दोर धरायचा, उजव्याने गाठ. तिसऱ्यांदा बसली गाठ. मग चेंडूंची बादली माझ्याकडे सरकवली आणि स्वतः एक खोकं उपडं करून जाळीच्या मागे बसली, पूर्वी बसायची तिथेच. मांडीवर दोन्ही हात. ग्लोव्ह नाही.

"तिथून ऊठ," मी म्हटलं.

"का? मध्ये जाळी आहे."

"वहिनी, ऊठ ना गं."

"सर म्हणाले, जानेवारीपासून मी कॅचर्सना शिकवायचं. बुटकीला आणि अजून दोघींना. त्यांना जोराचा चेंडू दाखवायला मला कुणीतरी लागणार आहे. चिमणीचा वेग पुरणार नाही. म्हणून विचारते, तुझ्यात आहे की संपला? संपला असेल तर तसं सांग, मी जाळी सोडते."

मी चेंडू उचलला. बोटं शिवणीवर बसेनात, तळवा ओला. हात फिरवला आणि टाकला. चेंडू गेला, जाळीला टेकला आणि खाली पडला, झोपाळू पोरासारखा.

वहिनीने चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

"वन्सं," ती म्हणाली, "जाळीला कशाला जपताय? तिला बोटं नाहीत."

मी हसले. हसता हसता वाकले आणि मग मला सरळच होता येईना, गुडघ्यांवर हात टेकून रडत राहिले. ती उठली नाही, जवळ आली नाही, गप्प बस म्हणाली नाही. थांबली नुसती. बादलीत भरपूर चेंडू होते.

मग मी दुसरा उचलला.